एक स्विच, एक झारा आणि साहेबांचं पेन

१

सकाळी नऊच्या आत इंदूरमध्ये कुणाशी गंभीर बोलू नये, असा अरुंधती रेशीमवाले यांचा नियम होता. नऊपर्यंत माणूस पोह्यांचा, मग कामाचा. त्यामुळे पावणेनऊला, कँटीनच्या टेबलावर प्लेट नुकतीच समोर आलेली, वरची शेव अजून कुरकुरीत, आणि अनुश्री धावत येऊन "काकू, स्विच गेला!" म्हणाली, तेव्हा काकूंनी आधी घास तोंडात घातला आणि मग विचारलं, "कुठे गेला?"

"गेला म्हणजे चोरीला गेला हो! रॅक अकरामध्ये नुसती रिकामी जागा आहे!"

मग मात्र चमचा खाली ठेवला गेला. पोहे अर्धे टाकून काकू उठल्या, हे पाहून कँटीनवाला बंटी दारापर्यंत मागे आला. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अरुंधतीकाकूंनी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून शहराबाहेरच्या या रेवा डेटा सेंटरमध्ये स्टोअर सांभाळायला आल्या. इथला साधा स्क्रूसुद्धा त्यांच्या शिक्क्याशिवाय स्टोअरबाहेर पडत नसे. अनुश्री सांगलीची, सव्वीस वर्षांची, नेटवर्क इंजिनिअर. मल्हारगंजातल्या काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि खालच्या मजल्यावर जेवायची, त्यामुळे भाडेकरू कुठे संपते आणि पोर कुठे सुरू होते हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

हॉलमध्ये नेहमीची थंडी होती आणि शेकडो पंख्यांचा घोंघाट. कोपऱ्यातल्या रॅक अकरामध्ये, सगळ्यात वर, खरंच मोकळी जागा होती. तिथे काल संध्याकाळपर्यंत बत्तीस तोंडांचा एक चपटा, दहा किलोचा खोका बसलेला होता. स्विच म्हणजे तसं साधं काम. शेकडो कॉम्प्युटरांच्या वायरी एकत्र येतात आणि कुठला निरोप कुठल्या वाटेनं जाईल ते हा ठरवतो. काकू त्याला एक्स्चेंजच म्हणायच्या. पूर्वी खोका आणि त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम एकाच कंपनीकडून घ्यावी लागे, ती सांगेल त्या भावानं. आता कोरा खोका विकत घेऊन त्यात खुली, कुणीही वापरावी अशी सिस्टीम आपली आपण घालता येते. अनुश्रीला याच कामासाठी एक वर्षाच्या बोलीवर आणलं होतं. खोका चालला तर ती कायम, नाही चालला तर सांगलीची गाडी. आणि खोका तीन आठवडे चालत नव्हता. सुरू व्हायचा, पाऊण तास झकास पळायचा आणि मग स्वतःहून बंद पडायचा.

"आज चार वाजता हॉस्पिटलवाले बघायला येणार आहेत," अनुश्रीचा आवाज कापत होता. "काकू, दाखवू काय त्यांना? रिकामी जागा?"

"थांब जरा, रडू नको. बघू दे आधी."

काकूंनी चष्मा वर सरकवला. स्विचला लागलेल्या वायरी ओढून तोडलेल्या नव्हत्या. प्रत्येकीची नीट गुंडाळी करून ती बाजूच्या खिळ्याला अडकवली होती. स्क्रू चारही कागदाच्या पुडीत बांधून तिथेच ठेवले होते. आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी होती. १, २, ३, ४... थेट ३२ पर्यंत, पेन्सिलीनं, ठसठशीत देवनागरी आकड्यांत.

काकूंनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. चोरानं वस्तू नेली होती खरी, पण परत आणून लावायची सगळी तयारी करून ठेवली होती.

२

सेंटरचे प्रमुख सुशांत साहेब पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आले होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमांवर त्यांचा फार जीव. केबिनच्या भिंतीवर त्यांनी स्वतः टाइप केलेली यादी लावली होती. हॉलमध्ये खाणे नाही, पाण्याची बाटली नाही, ओल्या छत्र्या नाहीत, इमारतीत कुठेही पूजाअर्चा नाही. हा शेवटचा नियम मागच्या वर्षीचा होता. कुणीतरी हॉलमध्ये उदबत्ती लावली, धुरानं आगीचा भोंगा झाला, आग विझवणारा गॅस सुटला आणि अख्खी इमारत दोन तास रस्त्यावर उभी राहिली होती.

"दाराची नोंद बघा," साहेबांनी स्क्रीन फिरवली. "काल रात्री आठ दहाला अनुश्री बाहेर. आज सकाळी सहा पाचला सफाईसाठी भानुमती आत, सहा पन्नासला बाहेर. सफाई चालू असताना नियमाप्रमाणे गार्ड शंकरराव दारात. त्यानंतर थेट अनुश्री. तिसरं कार्ड नाही."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेरे ग्राहकांच्या रॅकवर आहेत. कोपऱ्यातल्या टेस्ट रॅकवर नाहीत."

"मग भानुमतीला विचारलं?"

"अरुंधतीताई, दहा किलोचा खोका भानुमती पदरात लपवून नेईल का? आणि विकणार कुणाला, तिच्या सांवेरच्या बाजारात?" साहेबांनी आवाज खाली आणला. "मला बोलताना बरं वाटत नाही, पण स्पष्ट बोलतो. हॉस्पिटलचा डेमो सोमवारी होता. काल संध्याकाळी सात वाजता मी सगळ्या स्टाफला ईमेल केला की तो आज चारला घेतोय. एक तासानं अनुश्री बाहेर पडली, आणि सकाळी स्विच नाही. जो खोका पाऊण तास टिकत नाही तो आज दाखवायची वेळ आली, तर तो हरवणं सोयीचं कुणाला?"

अनुश्री दारातच उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं गळ्यातलं कार्ड मुठीत घट्ट धरलं, आणि काकूंना तेच जास्त लागलं.

"साहेब," काकू म्हणाल्या, "ही पोरगी तीन आठवडे माझ्या घरी जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप ठेवते. वरणात बोट आणि कीबोर्डावर बोट. ती चोरी करेल ती झोपेची करेल."

"मला आवडेल तुमचं म्हणणं खरं निघालं तर. पण दोन वाजेपर्यंत स्विच आला नाही, तर मी हॉस्पिटलला नकार कळवणार, वर हेड ऑफिसला अनुश्रीचं नाव कळवणार आणि पोलिसांना बोलावणार. नियम आहे."

घड्याळात सव्वादहा वाजले होते.

३

पहिला नंबर नीरजचा. नीरज इथलाच, रामबागेत वाढलेला, जुन्या कंपनीच्या सिस्टीमचा वस्ताद. अनुश्रीच्या खुल्या सिस्टीमची तो येता-जाता थट्टा करायचा. नवा स्विच चालला तर त्याचं महत्त्व कमी होणार, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

तो स्वतःच्या टेबलाचे खण उपसत बसला होता.

"काय शोधतोयस, भिया?"

"अरे काकू, माझी पक्कड! वायरीला टोक बसवायची. लाल मुठीची. आठ साल झाले, कुणाला हात लावू देत नाही मी. सुबह से गायब!"

"आणि स्विच?"

नीरजनं हात जोडले. "माझ्यावर आणू नका बरं का. मी तिची मस्करी करतो, मान्य. पण काय सांगू, तिची सिस्टीम पाऊण तासानं बोंबलते, गरम झालो, गरम झालो, आणि बंद. हॉलमध्ये वीस डिग्री! मी तिला म्हणालो, तुझ्या फुकटच्या सिस्टीमला ताप मोजता येत नाही. इतकंच. चोरी करून मला काय मिळणार? तो चार वाजता सगळ्यांसमोर बंद पडला असता तर मला जास्त मजा नसती आली का?"

ह्यात तथ्य होतं. तथ्य थोडं खवचट होतं, पण होतं.

कँटीनमध्ये वेगळीच रडारड. बंटी मोठ्या कढईसमोर हतबल उभा होता, हातात साधा डाव. "काकू, जलेबी कशी काढू सांगा! झारा नाही. काल धुऊन टांगला होता. चोर तरी कसा म्हणावा, कढई सोडली अन् झारा नेला!"

भानुमती जिन्यात पायऱ्या पुसत होती. ती रोज पहाटे सांवेरहून पहिल्या बसनं यायची. काकूंना बघून तिनं पुसण्याचा वेग उगाच वाढवला.

"भानुमती, सकाळी हॉलमध्ये काय काय दिसलं?"

"म्हारे कंई मालम नी, बैण," ती मान खाली घालूनच म्हणाली. मला काही ठाऊक नाही. "फर्शी पुसली, बाहर आली."

"नुसतं पुसलंच? झाडलं नाहीस?"

"झाडू नाही मिला. नवाच होता."

तिच्या खांद्यावर, लुगड्याच्या काठाला झेंडूची एक पाकळी चिकटली होती. काकूंनी ती अलगद उचलली.

"बस में लगा होगा," भानुमती पटकन म्हणाली. "आज पूरी बस फुलांनीच भरली होती. मला उभं राहून यावं लागलं."

हेही खरं असणार. काकू येत होत्या तेव्हा राजवाड्याच्या बाजूला झेंडूच्या ढिगांनी अर्धा रस्ता अडवलेला होता. पण भानुमतीला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या माणसाचं खोटं कानाला लगेच लागतं. काहीतरी ती गिळत होती.

काकू स्टोअरकडे परतल्या त्या डोक्यात हिशेब लावतच. स्विच लाखोंचा. झारा दीडशेचा. झाडू पन्नासचा. असला कसला चोर, की ज्याला मोठं-लहान कळतच नाही?

४

गेटवर शंकरराव होते. रात्रपाळीची ड्युटी सकाळी आठला संपते, साडेअकरा होऊन गेले तरी गृहस्थ तिथेच खुर्ची टाकून बसलेले. वय चौसष्ट, मिशा पांढऱ्या, गणवेषाची इस्त्री कडक. वडील इंदूरच्या कापडगिरणीत फिटर, नंतर हेही तिथेच फिटर. गिरणी बंद पडली तेव्हा हातातला पाना गेला आणि शिट्टी आली.

"घरी नाही गेलात?" काकूंनी बंटीकडून आणलेली प्लेट पुढे केली. "घ्या, पोहे."

"आज नको, ताई. उपास आहे."

"रात्री काही आवाज? कुणी आलं-गेलं?"

"कुणी नाही." शंकररावांनी मिशीवर हात फिरवला. "दारात मी होतो ना. माशीसुद्धा आत गेली नाही."

"तुमचा टॉर्च कुठे? कमरेला नेहमी असतो."

"टॉर्च..." ते जरा अडखळले. "आहे. ठेवलाय. दिवसा काय करायचा टॉर्च?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. शंकररावांचा टॉर्च म्हणजे गिरणीच्या काळातला, पितळी. ते तो दिवसासुद्धा कमरेला लावायचे, एवढंच नव्हे, दिवाळीला त्याला चिंचेनं घासायचे.

"पोरगी फार रडते आहे का हो?" त्यांनी एकदम विचारलं.

"रडणार नाही तर काय. तिच्यावरच आळ आलाय."

"तिच्यावर?" शंकरराव खुर्चीतून अर्धे उठले. "तिचा काय संबंध! नाही नाही, तिला सांगा, काळजी करू नको म्हणावं. सोमवारी तिची परीक्षा आहे ना, त्याच्या आत सापडेल तो. नक्की सापडेल."

काकू काही बोलणार, तेवढ्यात आतून सुशांत साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, हा काय प्रकार आहे? माझं शाईचं पेन! आजोबांनी दिलेलं! काल टेबलावर होतं. आता माझ्या केबिनपर्यंत चोर आला!"

काकू आत धावल्या. पेन खरंच नव्हतं. पेनचा स्टँड तेवढा पुसून लख्ख करून ठेवलेला होता.

५

एक वाजला. अनुश्रीनं डबा उघडला नव्हता. ती स्टोअरच्या कोपऱ्यात खोक्यावर बसून सांगलीला आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती.

"काकू, तुम्ही मला घरात ठेवून घेतलंत, तुमचं नाव नको खराब व्हायला. मी लिहून देते की—"

"तू काही लिहून देणार नाहीस. गप जेव." काकूंना आता राग आला होता, आणि राग आला की त्यांना काम सुचायचं. त्यांनी आजची नोंदवही पुढे ओढली आणि सवयीनं उजवा हात शिक्क्याकडे नेला.

हात रिकाम्या टेबलावर आपटला.

शाईची डबी होती. शिक्का नव्हता. तो लाकडी मुठीचा, गोल शिक्का, ज्याच्याशिवाय स्टोअरमधून टाचणी हलत नव्हती, तो नव्हता.

"बरं झालं!" काकू मोठ्यानं म्हणाल्या.

अनुश्रीनं घास हातात धरून वर बघितलं.

"अगं, माझंसुद्धा नेलं! म्हणजे कुणालाच सोडलं नाही. बघ हं. बंटीचा झारा, तवा नाही, कढई नाही. भानुमतीचा झाडू. नीरजची पक्कड. साहेबांचं पेन. शंकररावांचा टॉर्च. माझा शिक्का. आणि तुझा स्विच. प्रत्येकाचं एकेकच नेलंय, आणि नेमकं तेच, ज्याच्यावर त्याचं पोट चालतं! किंमत बघून नेलंच नाही काही. पैशाच्या मागे असता तर साहेबांचा लॅपटॉप नसता का उचलला?"

"मग कशाच्या मागे?"

काकूंनी भिंतीकडे बघितलं. तिथे कॅलेंडर होतं. उद्याच्या तारखेवर लाल रंगात सुट्टी होती, दसरा. काकूंनी आजच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नवमी! खंडेनवमी! हत्यारांची पूजा, आणि मी बाई हत्यारं पुजणाऱ्या रेशीमवाल्यांची सून, सकाळपासून चोर शोधतेय! चल, ऊठ. इमारतीत कुणी जात नाही अशी जागा कुठली?"

"जुनी बॅटरी रूम. जनरेटरच्या मागची. पण तिची किल्ली फक्त—"

"गेटवर असते," काकू म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या.

६

जाताना काकूंनी साहेबांना आणि नीरजला बरोबर घेतलं, आणि गेटवरून शंकररावांना. कुणालाच काही सांगितलं नाही. शंकररावांनी किल्ली काढली, पण कुलपाला लावण्याआधी बूट काढून बाजूला ठेवले.

दार उघडलं आणि आतून झेंडूचा वास आला.

स्वच्छ सारवल्यासारखी पुसलेली फरशी. पाटावर लाल कापड. त्यावर ओळीनं पितळी टॉर्च, झारा, नवा झाडू, लाल मुठीची पक्कड, शाईचं पेन, गोल शिक्का. आणि मधोमध, पुसून लखलखीत केलेला, झेंडूच्या माळेत बसवलेला, कपाळाला कुंकवाचं बोट लावलेला बत्तीस तोंडांचा स्विच. पुढे गूळ-खोबरं. उदबत्ती नव्हती, निरांजन नव्हतं.

"धूर केला नाही, साहेब," शंकरराव सगळ्यात आधी तेवढंच बोलले. "तुमचा नियम आहे म्हणून काडीसुद्धा ओढली नाही."

"मी फुलं लाई," मागून भानुमती आली, हातात फडकं. "हॉल में मैंच दरवाजे पे खडी थी. शंकरअण्णा को बोलो मत कुछ."

सुशांत साहेब पेनकडे बघत होते, पेनवरच्या कुंकवाकडे बघत होते, आणि त्यांच्या यादीत या प्रसंगासाठी कुठलाच नियम नव्हता.

"चिठ्ठ्यांवर देवनागरी आकडे," काकू म्हणाल्या. "नीरजनं इंग्रजीत लिहिले असते, साहेबांनी छापून काढले असते, भानुमतीला लिहिता येत नाही. स्क्रूची पुडी बांधणारा हात फिटरचा. पण माझी खात्री पटली ती एका वाक्यानं. सकाळपासून अख्खी बिल्डिंग 'चार वाजता, चार वाजता' करून बोंबलतेय, आणि शंकरराव म्हणतात, सोमवारी परीक्षा. साहेब, तुमचा ईमेल सगळ्या स्टाफला गेला म्हणता. गेटला गेला? सफाईला गेला?"

साहेबांनी फोन काढून ईमेलची यादी वर-खाली सरकवली. त्या दोघांना ईमेलचा पत्ताच नव्हता.

"आज आहे?" शंकरराव पांढरेफटक पडले. "परीक्षा आज आहे? मी म्हटलं उद्या दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करीन, सगळं जागच्या जागी लावीन, सोमवारपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, ताई. म्हणून मी गप्प बसलो. सकाळपासून घरी जाववेना."

"पण का, काका?" अनुश्री म्हणाली. "सगळ्यांत तोच का? जुने स्विच पडलेत की स्टोअरमध्ये ढीगभर."

शंकरराव तिच्याकडे बघायचे टाळत होते. "गिरणीत नवा माग आला की पूजा केल्याशिवाय त्याला पट्टा लावत नसत. तुझा हा खोका आला तसाच चढवला. मग तो चालायचा नाही. तू रोज आठ वाजता डोळे पुसत गेटमधून जायचीस. 'गुड नाइट काका' म्हणायचीस, पण दिसायचं ना मला. माझ्या हातात दुसरं काय होतं? म्हटलं, निदान एवढं करू."

अनुश्रीला रडू आलं, आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही. नीरज उगाच छताकडे बघू लागला.

"रडायला रात्र पडलीय," काकूंनी डोळे पदरानं टिपत सगळ्यांना दटावलं. "दोन वाजत आले. शंकरराव, उत्तरपूजा आत्ता करा. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. देवीला सगळं कळतं, ती काही रुसत नाही."

शंकररावांनी डोळे मिटले. अक्षता वाहिल्या, एकेक वस्तू जागेवरून बोटभर हलवली. मग दोन्ही हातांनी स्विच उचलला, आणि उचलता उचलता म्हणाले, "एक विचारायचं होतं, ताई. याच्या पाठीला सहा पंखे आहेत. पाचांच्या दांड्या निळ्या, एकाची लाल. सकाळी पुसताना मला वाटलं कुंकू सांडलं माझ्याकडून. पण रंग जाईना."

काकूंनी स्विच त्यांच्या हातातच फिरवला आणि त्या लाल दांडीवर बोट ठेवलं.

७

त्यांच्या स्टोअरमध्ये पंख्यांचे दोन खण होते. खालच्या खणात निळ्या दांड्यांचे, वरच्यात लाल. दिसायला सारखे, पण निळा हवा पुढून मागे फेकतो, लाल मागून पुढे ओढतो. पाच पंखे गरम हवा बाहेर काढणार आणि सहावा तीच परत आत घेणार! खोका तापणार नाही तर काय होणार?

"नीरज," काकू सावकाश म्हणाल्या, "तीन आठवड्यांपूर्वी याचा एक पंखा बिघडला होता. बदली तू नेलास."

"नेला ना. तुमच्याकडूनच. तुम्ही पोहे खात होतात. मी म्हटलं, पंखा पाहिजे, तर तुम्ही..." नीरज थांबला. मग त्यानं हनुवटी वर करून दाखवली. "असं केलंत. वरचा खण."

"मी 'खाल्ल्यावर देते, ते बघ घड्याळ' म्हणत होते!" काकू ओरडल्या. घड्याळ खणाच्याच वर होतं. पण तोंडात पोहे होते, हातात प्लेट होती, आणि त्या वेळी इंदूरचा कुठला माणूस उठून खण बघायला गेला असता? नंतर चिठ्ठीवर 'पंखा, नग एक' एवढंच लिहिलं होतं, आणि त्यावर त्यांनी मुकाट्यानं शिक्का मारला होता.

"म्हणजे सिस्टीम बरोबर होती," अनुश्री हळूच म्हणाली. "ती रोज सांगत होती, मी तापलेय, मी तापलेय. आणि मी तीन आठवडे तिचं थर्मामीटर दुरुस्त करत बसले. मी लॅपटॉपवरून बोलत होते तिच्याशी. पाठीमागे जाऊन एकदा बघितलंसुद्धा नाही."

"मीच म्हणालो ना, तिला ताप मोजता येत नाही," नीरज म्हणाला. त्यानं पाटावरून आपली पक्कड उचलली आणि कानाला हात लावला. "गलती माफ. आण इकडे, मी चढवतो."

त्या दुपारी रॅक अकरासमोर जी वरात गेली तशी त्या हॉलनं पाहिली नव्हती. शंकररावांनी चिठ्ठ्या वाचायच्या, "सतरा!" आणि नीरजनं सतरावी वायर लावायची. काकूंनी स्वतः, कोरड्या हातांनी, निळ्या दांडीचा पंखा आणून खटकन बसवला. भानुमतीनं माळ काढली, पण कुंकू पुसायला कुणाचाच हात धजला नाही.

चार वाजता हॉस्पिटलच्या श्रेया मॅडम दोन सहकाऱ्यांसह आल्या. स्विच सुरू झाला. अनुश्रीनं सगळा भार त्याच्यावर टाकला, आणि हॉलच्या काचेबाहेर पाच माणसं घड्याळाकडे बघत उभी राहिली. चाळीस मिनिटं झाली. बंटीनं नखं खाल्ली. पंचेचाळीस. शेहेचाळीस. स्क्रीनवर तापमान चौतीसवर बसलेलं. पन्नास. शंकररावांनी टोपी काढून छातीशी धरली. पाच वाजले तरी खोका आपला मजेत गुणगुणत होता.

"हे लाल काय आहे?" श्रेया मॅडमनी स्विचच्या कपाळाकडे बोट केलं. "बिघाडाचा दिवा?"

सगळ्यांनी सुशांत साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घसा साफ केला. "नाही मॅडम. कुंकू आहे. आज खंडेनवमी. आमच्याकडे... पूजा झाली त्याची."

"अरे वा! आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही आज कात्र्या मांडल्यात," मॅडम हसल्या. "चाळीस खोके पाहिजेत आम्हाला. असेच. आणि तुमच्या सिस्टीमवाल्या मुलीला इथेच ठेवा."

अनुश्री काचेबाहेर धावत आली आणि आधी काकूंना नाही, शंकररावांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिला मधेच धरलं. "अगं नको, अगं नको," एवढंच म्हणत राहिले, आणि पांढऱ्या मिशा ओल्या झाल्या. काकूंनी बंटीला सांगितलं, झारा मिळालाय ना, मग बघतोस काय, जलेबी काढ.

साहेबांनी संध्याकाळी त्याच पेननं अनुश्रीच्या कायम नेमणुकीवर सही केली. मग भिंतीवरच्या यादीतला शेवटचा नियम खोडून तिथे लिहिलं, 'पूजा बॅटरी रूममध्ये, धुराविना'. आणि नीरजकडून दोन नवे ईमेल पत्ते तयार करून घेतले, एक गेटचा, एक सफाईचा. त्यावर पहिला निरोप अनुश्रीनं पाठवला. फोनवर तो कसा उघडायचा ते नीरजनं दाखवलं, आणि शंकररावांनी तो भानुमतीला मोठ्यानं वाचून दाखवला: उद्या सोनं घ्यायला दोघांनी मल्हारगंजात यायचं, जेवूनच जायचं.

काकू सगळ्यांत शेवटी निघाल्या. निघण्याआधी त्यांनी लाल दांड्यांचे पंखे वरच्या खणातून काढून कपाटात कुलपात टाकले. कुंकू लागलेला शिक्का कागदावर उठवून बघितला. झकास उठला, कडेनं जरा लालसर. मग त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत एक सूचना लिहून त्यांनी स्टोअरच्या दारावर चिकटवली:

'पोहे चालू असताना सामान मिळणार नाही. हुकमावरून.'